सहीचा अधिकार

कामणला माझी मावसबहीण राहते. वसई-दिवा लाइनवर गाड्या मोजक्याच, त्यामुळे तिच्याकडे जायचं तर आधी वेळापत्रक बघावं लागतं. गेल्या खेपेला गेले तर तिच्या पडवीत बचत गटाची मीटिंग भरलेली. गटाच्या कोषाध्यक्ष बाई लेकीकडे कायमच्या राहायला चालल्या होत्या, तेव्हा बँकेत आता सही कुणाची लावायची, हा प्रश्न होता. या गटाच्या खात्यावर तिघींच्या सह्या आहेत, त्यातल्या कुठल्याही दोन लागतात.

"चार वर्षं हिशेबाची वही कोण लिहितंय? शेजारची सूनबाईच ना? मग सहीही तिचीच लावा," एक जण म्हणाली. त्यावर एक आजी लगेच उत्तरल्या, "पैशांचं काम आहे बाई. पोर नवी आहे. घाई कशाला?"

कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेली माझी भाची हसली. "मावशी, आमच्याकडेही अगदी हेच चाललंय!"

भाची दिवसा एका गोदामाच्या ऑफिसात हिशेब लिहिते. रात्री मात्र ती एका मोफत सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर करते. 'फाइल उघडा', 'बदल साठवा' अशी हजारो वाक्यं तिने तीन वर्षांत मराठीत आणली. पैसे मिळत नाहीत. आवड म्हणून करते. पण तिने केलेलं भाषांतर थेट आत जात नाही. ज्यांच्या हातात अधिकार आहे, त्यांनी ते मान्य करावं लागतं. ते गृहस्थ दोन-दोन महिने उत्तर देत नाहीत. "काम पडून राहतं गं. अधिकार मलाच द्या म्हटलं तर आगाऊपणा वाटेल का?" तिने विचारलं.

हा अधिकार म्हणजे काय, ते मी तिच्याकडूनच समजून घेतलं. ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची आतली सगळी मांडणी कुणीही वाचावी, घरी नेऊन बदलावी. पण सगळे जी मूळ प्रत वापरतात, तिच्यात बदल लिहिण्याची मुभा थोड्यांनाच असते. असा बदल नोंदवण्याला 'कमिट' म्हणतात. बाकीच्यांनी आपली दुरुस्ती, म्हणजे 'पॅच', पाठवायचा आणि वाट बघायची.

मोठमोठ्या कामांनाही ही वाट चुकलेली नाही. पोस्टग्रेस हे जगभर वापरलं जाणारं डेटाबेस सॉफ्टवेअर. त्यात नोंद बदलली की अनुक्रमणिकेतही नवी ओळ घालावी लागे, मग भलेही अनुक्रमणिकेतल्या मजकुराला धक्का लागलेला नसो. हा फुकटचा पसारा टाळायची युक्ती पुण्याच्या पवन देवलसी यांनी इतरांच्या मदतीने लिहिली. तिच्यावर महिनोन्महिने खल झाला. शेवटी सप्टेंबर 2007 मध्ये ती मूळ प्रतीत नोंदवली ती टॉम लेन या जुन्या जाणत्याने. नोंदीत श्रेय देवलसींनाच दिलेलं आहे आणि 2008 साली आलेल्या 8.3 आवृत्तीपासून ती युक्ती सगळीकडे वापरात आहे. म्हणजे काम एकाचं आणि सही दुसऱ्याची, यात कमीपणा काही नाही. फक्त सही करणाऱ्याने वेळेवर बघायला हवं.

मग हा अधिकार मिळतो कसा? प्रत्येक घराची रीत वेगळी. अपाची फाउंडेशनच्या प्रकल्पांत तुमचं काम बघून जुनी मंडळी आपसांत मतदान करतात आणि तुम्हाला बोलावणं धाडतात. डेबियनमध्ये आधीच्या सभासदाने तुमची ओळख पडताळून खात्री द्यावी लागते. फ्रीबीएसडीत नव्याला अधिकार मिळतो, पण सुरुवातीला एक मार्गदर्शक नेमलेला असतो आणि त्याच्या होकाराशिवाय काही नोंदवायचं नाही. ग्नोमच्या भाषांतरात तर पायऱ्याच आहेत: आधी भाषांतरकार, मग तपासनीस, मग कमिट करणारा. नवी सून आधी भाजी निवडते, मग फोडणी घालते, मग कधीतरी कोठीची किल्ली तिच्या हाती येते, तसंच की!

आता या कोठीच्या दाराशी बायका किती? 2006 साली गुगलच्या उन्हाळी उपक्रमासाठी ग्नोम प्रकल्पाकडे 181 अर्ज आले. त्यात एकही अर्ज मुलीचा नव्हता. मग त्यांनी खास मुलींसाठी वेगळी योजना जाहीर केली, तर शंभराच्या आसपास अर्ज आले! मुली होत्याच, 'तुम्ही या' असं कुणी म्हटलं नव्हतं इतकंच. त्याच रोपट्याचं पुढे 'आउटरीची' झालं. तिथे तीन महिने मार्गदर्शकाच्या हाताखाली काम करायचं, वर विद्यावेतनही मिळतं. आणि 2024 साली पोस्टग्रेसने ज्या दोघांना नव्याने अधिकार दिला, त्यातली एक मेलनी प्लेगमन ही बाई आहे.

पण पडवीतल्या आजींची भीतीही खोटी नाही, बरं का! फाइल दाबून लहान करणारं 'एक्सझेड' नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. लिनक्सच्या असंख्य संगणकांत ते असतं. त्याचा भार लासे कॉलिन हा एकटा माणूस फावल्या वेळात वाहत होता. 2022 मध्ये त्याने मोकळेपणाने सांगितलं, की मन थकलंय, पूर्वीसारखं होत नाही. तेव्हाच काही अनोळखी नावं त्याच्या मागे लागली, की काम रेंगाळलंय, दुसऱ्या कुणाला तरी द्या. 'जिया तान' नावाची एक व्यक्ती गोड बोलून, चोख काम करून मदत करतच होती. त्याने विश्वासाने तिच्या हाती किल्ली दिली. फेब्रुवारी आणि मार्च 2024 मध्ये तिने बाहेर काढलेल्या आवृत्त्यांत चोरदरवाजा निघाला! तो सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्याच एका जाणत्याला लॉगिन व्हायला जेमतेम अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं. तो खणत गेला आणि 29 मार्चला त्याने जगाला सावध केलं. जिया तान खरी कोण, हे आजही उघड झालेलं नाही.

हे ऐकून पडवी गप्प झाली. आजी म्हणाल्या, "बघा, मी म्हणतच होते!"

पण भाचीने वेगळाच मुद्दा काढला. "आजी, तिथे नव्या माणसाला किल्ली दिली हे चुकलं नाही. एकट्या थकलेल्या माणसावर सगळं टाकलं होतं आणि दुसरी सही कुणाचीच नव्हती, ते चुकलं."

मला ते पटलं. किल्ली कुणालाच न देणं हाही धोकाच आहे. जिच्याकडे ती आहे तिचे हात एक दिवस थकतातच. मग घाईघाईत, ओळखपाळख न करता ती कुणाच्या तरी हाती जाते. त्यापेक्षा आपल्या डोळ्यांदेखत चार वर्षं वही लिहिणारी बरी नाही का?

गटाचा निर्णय झाला. सही सूनबाईची लागली; मात्र पहिलं वर्षभर जोडीची सही अध्यक्षबाईंचीच. यावर आजींनीही मान डोलावली.

त्याच रात्री भाचीने प्रकल्पाच्या त्या गृहस्थांना पत्र लिहिलं. तक्रार नाही, रडगाणं नाही. तीन वर्षांत काय काय केलं त्याची यादी, आणि शेवटी एक वाक्य: तुमचा भार मी वाटून घेऊ शकते. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सगळा अधिकार नाही, पण तपासनीस म्हणून नेमणूक झाली. त्यांनी मोकळेपणाने लिहिलं होतं, की नोकरी आणि आजारी वडील यांत वेळच उरत नाही. कुणी विचारलं असतं तर आधीच दिलं असतं.

मैत्रिणींनो, ऑफिसात, सोसायटीत, संस्थेत वर्षानुवर्षं वही लिहिणाऱ्या आपण कितीजणी! सही मात्र मागत नाही. आणि ज्यांच्याकडे सही आहे, त्या आपल्यामागून कोण वही लिहितेय ते बघतो का?

परवा भाचीचा फोन होता. एका नव्या मुलीने पहिल्यांदाच चाळीस वाक्यांचं भाषांतर पाठवलंय. "चुका बऱ्याच आहेत गं मावशी, पण आठ दिवसांच्या आत उत्तर द्यायचंच, असं मी ठरवलंय." बोलता बोलता ती थांबली. "आज सातवा दिवस आहे. ठेवते फोन!"