कंपवात आणि पोटाची तक्रार

होनोलुलूत जपानी वंशाच्या ६७९० पुरुषांना विचारलं गेलं, दिवसातून किती वेळा शौचास होते? पुढे २४ वर्षं त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवलं गेलं. ज्यांना रोज एकदाही होत नव्हती, त्यांच्यात कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, होण्याचं प्रमाण रोज एकदा पोट साफ होणाऱ्यांच्या २.७ पट निघालं.

हा निष्कर्ष २००१ मध्ये छापून आला. दोनच वर्षांनी जर्मन शास्त्रज्ञ हायको ब्राक यांनी एक तर्क मांडला. कंपवातात अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या होतात. मेंदूतल्या डोपामाइन हे रसायन बनवणाऱ्या पेशींच्या आधी त्या मेंदूच्या तळाशी, आतड्याकडे जाणारी व्हेगस नस जिथून निघते तिथे दिसतात. मग आजाराची सुरुवात आतड्यातच होत असेल का? डेन्मार्कमधल्या नोंदी याला दुजोरा देतात. अल्सरसाठी पूर्वी ही नस कापत असत. तिचं मुख्य खोडच कापलेल्यांत कंपवात कमी आढळला. जठराकडच्या बारीक फांद्याच कापलेल्यांत तसा फरक दिसला नाही.

सगळ्यांच्याच बाबतीत आजार पोटातून चढतो असं नाही. काहींत तो मेंदूतच सुरू होत असावा. आणि बद्धकोष्ठ तर घरोघरी असतं, त्यातल्या बहुतेकांना कंपवात कधीच होत नाही. तेव्हा घाबरून जाऊ नये.

ज्यांना आजार झालाय, त्यांच्या घरी मात्र पोटाचा प्रश्न रोजचा असतो. ‘आज गोळी लागूच पडली नाही,’ असं घरची माणसं सांगतात. ही गोळी म्हणजे लिव्होडोपा, मेंदूत पोचून डोपामाइन बनणारं औषध. ती लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषली जाते. कंपवातात जठर उशिरा रिकामं होतं, त्यामुळे ती वरच अडकून राहते. सोबत ग्लासभर दूध किंवा वाटीभर डाळ पोटात गेली, तर प्रथिनांतली अमिनो आम्लं तिच्याच वाटेनं रक्तात शिरू पाहतात आणि औषध मागे पडतं. शिवाय एन्टरोकॉकस फिकॅलिस हा आतड्यातला जिवाणू लिव्होडोपाचं तिथेच डोपामाइन करून टाकतो, हे २०१९ मध्ये दिसून आलं. आतड्यात बनलेलं डोपामाइन मेंदूत शिरू शकत नाही.

म्हणूनच ही गोळी सहसा जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगतात. थरथर किती, हे डॉक्टरांना दिसतं. पण पोट चार दिवस साफ झालेलं नाही, हे लाजेपोटी कुणी बोलत नाही. गोळीची, जेवणाची आणि शौचाची वेळ आठवडाभर वहीत लिहा आणि मात्रा वाढवायचा विषय निघण्याआधी ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.