डाव्या बाजूचे गळू

समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवरील, मेळघाटातल्या चिखलदऱ्यात एखाद्या मुलाचा गळा सुजला, तर डोंगराळ मुलखाच्या जुन्या परिपाठाप्रमाणे आधी गलगंडाची आणि सोबत ताप असल्यास टॉन्सिलची शंका यावी, हे स्वाभाविकच होय; थायरॉइड ग्रंथीत पू झाला असेल, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. त्यात डॉक्टरांचा दोष थोडा. भक्कम आवरण, विपुल रक्तपुरवठा आणि आयोडिनचा संचय यांमुळे ही ग्रंथी जंतूंना क्वचितच थारा देते. तिच्या विकारांत हा पूयुक्त दाह शेकडा एकाहूनही कमी आढळतो.

म्हणूनच तो आढळला, की जंतू शिरले कोठून याचा छडा लावणे प्राप्त होते. घशाच्या तळाशी असलेल्या पिरिफॉर्म खळग्यापासून ग्रंथीपर्यंतची, गर्भावस्थेतली एक अरुंद वाट काहींच्या बाबतीत जन्मानंतरही बुजत नाही व तीच जंतूंचा मार्ग ठरते, हे १९७९ साली ताकाई, मियाउची प्रभृती जपानी डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मधून दाखविले. ही वाट बहुधा डावीकडेच असते. तेव्हा मुलाच्या गळ्यात डावीकडे फिरून फिरून गळू होत असेल, तर नुसता पू काढून भागत नाही.

तपासाचा आरंभ सोनोग्राफीने करावा. दाह झालेला भाग काळपट, अस्पष्ट कडांचा दिसतो, पुवात तरंगते कण असतात आणि ग्रंथी व शेजारचे स्नायू यांमधील सीमारेषा पुसली जाते. क्वचित वायूचे बुडबुडेही दिसतात. सुईने पू काढून तो प्रयोगशाळेत पाठविण्याचे कामही याच चित्राच्या आधाराने होते. पू घशामागे वा छातीकडे पसरल्याचा संशय असल्यास सीटी स्कॅन हवा. हा तपास न करता दुखऱ्या थायरॉइडवर, विषाणूजन्य दाह समजून, केवळ स्टेरॉइड दिले, तर संसर्गास मोकळे रान मिळते.

गर्भलिंगनिदानास आळा घालण्यासाठी १९९४ साली झालेल्या कायद्यान्वये सोनोग्राफीचे यंत्र नोंदणीकृत जागेबाहेर वाटेल तेथे नेता येत नाही; त्यामागचा हेतू रास्तच आहे. परंतु त्यामुळे तपासासाठी मेळघाटातील रुग्णाला घाट उतरून परतवाड्यास किंवा अमरावतीस जावे लागते, आणि या रोगात ती खेप बहुधा एकदाच करून भागत नाही. दाह तीव्र असताना सुजेने घशापासून ग्रंथीपर्यंतची ती वाट मिटलेली असते, म्हणून तिचा शोध घेणारी बेरियमची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करावी लागते. तोवर मूल खेळू-बागडू लागलेले असते, आणि रोजगार बुडवून त्याला पुन्हा खाली न्यावयाचे कशासाठी, हे आईबापांना उमजत नाही. रुग्णालयातून सोडतानाच त्या तपासणीची तारीख कागदावर घालून, तिचे कारण त्यांना त्यांच्या कोरकू भाषेत समजावून सांगण्याची तजवीज तेथेच व्हावयास हवी.