पंढरीतील परभाषक
समोरच्याला आपली किंवा इंग्रजी भाषा नीट येत नाही एवढ्यावरून त्याची अक्कलही कमी, असे ठरवणे म्हणजे भाषिक पूर्वग्रह होय. परदेशी माणसाला इंग्रजी येणारच, ही समजूतही त्याच मुळाची असून जपान, रशिया वा ब्राझीलमधील माणसाची ती मातृभाषा नसते. पंढरपुरात अशा पूर्वग्रहाचा प्रसंग कर्नाटक, तेलंगणातून आलेल्या भाविकांवरही ओढवतो. बुक्क्याच्या दुकानात बोटे दाखवून भाव विचारणाऱ्या कानडी म्हातारीवर दुकानदार, आवाज चढवला की भाषा कळते असे मानून, खेकसतो आणि भोवतालचे हसतात. खेकसण्याहून हे हसणेच जिव्हारी लागते. वास्तविक येथील विठ्ठल मंदिरात होयसळ राजा सोमेश्वराचा शके ११५९ चा, म्हणजे इ.स. १२३७ चा, संस्कृत-कानडी शिलालेख आहे, संतांनी विठ्ठलाला ‘कानडा’ म्हटले आहे आणि रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात विठ्ठलाचे हे दक्षिणी नाते सविस्तर उलगडले आहे. ज्या देवाची ओळखच दोन भाषांत रुजली, त्याच्या दारात कानडी बोलणारा परका ठरावा, हे लाजिरवाणे आहे. पाहणाऱ्याने अशा वेळी गप्प न राहता पुढे व्हावे, हसणाऱ्यांना थांबवावे आणि त्या म्हातारीला बोटांवर भाव सांगावा.