देखण्या खोलीतली गैरसोय

मुंबईचे ताजमहाल हॉटेल १९०३ साली उघडले, तेव्हा तिथे विजेचे दिवे, अमेरिकन पंखे आणि जर्मन लिफ्ट होत्या. त्या काळातली ही अगदी नवी चैन. पण तिने पाहुण्याचा उकाडा कमी होत होता, जिने चढण्याचे श्रम वाचत होते. १९८४ मध्ये न्यूयॉर्कला 'मॉर्गन्स' सुरू झाले आणि 'बुटीक हॉटेल'ची कल्पना रुजली. खोली आता पाहण्याजोगी वस्तू झाली.

हे लोण आपल्याकडेही आले आहे. गेल्या पावसाळ्यात गोव्यात अशाच एका नव्या हॉटेलात आईला घेऊन दोन रात्री राहिलो. खोली देखणी होती, पण न्हाणीघराला भिंतीऐवजी आरपार काच! आई आंघोळीला गेली की मी बाहेर व्हरांड्यात. बादली नाही, तांब्या नाही, लुगडे टांगायला साधी खुंटी नाही. दिव्यांची बटणे एका गुळगुळीत काळ्या पाटीवर. मध्यरात्री आईला ती सापडेनात. अंधारात चाचपडताना पलंगाचा कोपरा तिच्या गुडघ्याला लागला. सकाळी तक्रार केली, तर उत्तर मिळाले, "सर, ही आमची थीम आहे."

नवेपणाला कोण नावे ठेवील? पण छायाचित्रातली खोली रिकामी असते. खऱ्या खोलीत माणसे उतरतात. सत्तरीच्या बाईला रात्री दिवा सापडावा आणि आंघोळीला आडोसा मिळावा, एवढे साधले तरच तो पाहुणचार.