दुकानाची पाटी कोणाच्या नावावर?

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून 2025 मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही, तेव्हा गदारोळ उठला. पुढे कंपनीने भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. नावाचे मोल आपल्याला तेव्हा कळले. पण आपल्याच दुकानाचे इंटरनेटवरचे नाव कोणाच्या ताब्यात आहे, हे आपण तपासतो का?

छोट्या दुकानाची वेबसाइट बहुधा कॉलेजात शिकणारा मुलगा, भाचा किंवा ओळखीचा कोणी करून देतो. आम्ही हे असे समजावून सांगतो: डोमेन म्हणजे दुकानाची पाटी, होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा. गाळा बदलता येतो. पाटी गेली तर गिऱ्हाईक चुकते. भाच्याने स्वतःच्या ईमेलवर नोंदणी केली आणि उद्या तो नोकरीसाठी दुबईला गेला, तर मालकाला स्वतःच्याच पाटीला हात लावता येत नाही.

म्हणून साइट दुसरीकडे हलवण्याआधी डोमेनची नोंद मालकाच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर आहे ना, हे पाहावे. फोटो, दर आणि ऑर्डरींची पूर्ण प्रत घरी ठेवावी. नव्या जागी साइट उभी करून प्रत्येक पान मोबाइलवर उघडून बघावे आणि मगच पत्ता बदलावा. हा बदल सगळीकडे पोहोचायला दोन दिवसही लागू शकतात. तोवर जुनी जागा सोडू नये. जुन्या पानांचे पत्ते नव्या पानांकडे वळवावेत, नाहीतर जुनी लिंक जपून ठेवलेले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतते. आणि ईदच्या तोंडावर हे काम काढूच नये.

घरच्या माणसाकडे पासवर्ड मागायला अनेकांना संकोच वाटतो. कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची 282 वी, मुदतीच्या देण्याघेण्याविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहून ठेवण्यात आळस करू नका, अशी ताकीद तिच्यात आहे आणि त्यामुळे शंकेला जागा राहत नाही, हे कारणही तिथेच दिले आहे. आमच्या मते हीच शिस्त इथेही लावावी. लिहून घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. त्याने नातेच जपले जाते.

डोमेन कुठे नोंदले, मुदत कधी संपते, पैसे कोणी भरले, हे वहीच्या एका पानावर लिहावे. ते पान दुकानाच्या कागदपत्रांत ठेवावे आणि घरातल्या बाईलाही ते कुठे आहे हे ठाऊक असावे.