रोज रात्री एक फाटे फुटणारी गोष्ट

गेले वीस दिवस जेवणं आटोपली की अर्धा तास मी एक छोटी हायपरटेक्स्ट कथा लिहितोय. वाचणारा ज्या शब्दावर टिचकी मारेल तशी पुढे सरकणारी गोष्ट. प्रकार जुनाच, मायकेल जॉइस यांची 'आफ्टरनून, अ स्टोरी' १९८७ची आहे.

त्यासाठी मी ट्वाइन हे सॉफ्टवेअर वापरतो. क्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये आणलेलं, फुकट. [[माळ्यावर चढ]] असं दुहेरी चौकटी कंसात लिहिलं की त्या नावाचा रिकामा तुकडा आपोआप तयार होतो. सोय झकास, पण परवा एका जागी 'माल्यावर' टाइप झालं आणि माझी नायिका थेट कोऱ्या पानावर जाऊन अडकली!

खरी गोची हिशेबात आहे. प्रत्येक वळणावर दोन वाटा आणि अशी चार वळणं घेतलीत, तर शेवट होतात १६ आणि लिहायचे तुकडे ३१. अर्ध्या तासात कुठले व्हायला? म्हणून फाटे पुन्हा एकत्र आणायचे. पोरगी माळ्यावर जावो की अंगणात, येते विहिरीपाशीच. फक्त माळ्यावरून आली तर हातात किल्ली असते. तेवढं लक्षात ठेवायला एक व्हेरिएबल पुरतं. माझी मर्यादा सात तुकडे, प्रत्येकी चार ओळी.

आणि हो, ब्राउझरमध्ये लिहीत असाल तर फाइल रोज उतरवून ठेवा. साइट डेटा पुसला की कथाही जातात. माझ्या तीन गेल्या, त्यातली एक बरी होती.