विष तपासायचंय? आधी मायसिड जगवून दाखवा

आजच्या भागाचा हिरो इतका लहान आहे की तुमच्या अंगठ्याच्या नखावर आरामात मावेल. पण समुद्रात काय ओतायचं आणि काय नाही, हे ठरवताना त्याची साक्ष काढली जाते.

आधी थोडी पार्श्वभूमी. २० एप्रिल २०१० रोजी अमेरिकेजवळ, मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या रिगवर स्फोट झाला. ११ कामगार गेले. समुद्रतळातून कच्चं तेल ८७ दिवस वाहत राहिलं. तेलाचा तवंग फोडण्यासाठी सुमारे ७० लाख लिटर डिस्पर्संट वापरलं गेलं. डिस्पर्संट म्हणजे तेलाचे बारीक थेंब करणारं रसायन. भांड्याचा साबण तुपकट कढईवर जे करतो, साधारण तेच.

आता प्रश्न असा, की हे रसायनच तेलापेक्षा घातक निघालं तर? म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर! अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, आठ डिस्पर्संट्सची चाचणी केली. त्यासाठी दोन जीव निवडले: एक छोटा मासा आणि एक मायसिड.

मायसिड म्हणजे कोण?

दिसायला कोळंबीचं पिल्लू. आपल्या बाजारातला जवळा आठवा, साधारण तसंच रूप. पण जवळा वेगळा आणि हा वेगळा. मायसिड हा कोळंबीसारखा दिसणारा, पण वेगळ्या गटातला जीव आहे. मादीच्या पोटाखाली कांगारूसारखी पिशवी असते. अंडी त्या पिशवीतच वाढतात आणि पोहणारी तयार पिल्लं बाहेर पडतात.

प्रयोगशाळेतल्या जातीचं नाव अमेरिकामायसिस बाहिया. १९६९ मध्ये टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन भागातल्या खाडीतून तिची शास्त्रीय नोंद झाली. १९७० च्या दशकात फ्लोरिडातल्या गल्फ ब्रीझ इथल्या ईपीएच्या प्रयोगशाळेत तिच्यावर विषारीपणाच्या चाचण्या सुरू झाल्या.

हीच जात का? कारण ती खाडीतली आहे, विषाला संवेदनशील आहे आणि तिचं आयुष्य झटपट चालतं. जन्मलेलं पिल्लू साधारण १७ ते २० दिवसांत स्वतः पिल्लं देऊ शकतं. म्हणजे महिनाभरात अख्खी पिढी डोळ्यांसमोर.

टाकीतला संसार

ऐकायला सोपं वाटतं ना? काचेची टाकी, मीठपाणी, एअर पंप, झालं! पण तसं नाही.

पहिली गोष्ट, पाणी. उघड्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मायसिडला खाडीचं पाणी लागतं, म्हणून इथे २० ते ३० ग्रॅम ठेवतात. तापमान २५ अंशांच्या आसपास. शिवाय टाकी नवी असेल तर थेट प्राणी सोडत नाहीत. प्राण्यांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो घातक असतो. त्याचं रूपांतर करणारे जिवाणू आधी फिल्टरमध्ये रुजावे लागतात. त्याला काही आठवडे जातात.

दुसरी गोष्ट, जेवण. मायसिडला जिवंत खाणं लागतं. त्यासाठी आर्टेमिया नावाच्या मिठागरातल्या जिवाची सुकी अंडी आणतात. ती खाऱ्या पाण्यात हवा सोडून ठेवली की साधारण एका दिवसात पिल्लं बाहेर येतात. हे खाणं ताजंच द्यायचं. पिल्लू जुनं झालं की त्याच्या अंगातला पोषक साठा संपतो. म्हणजे रोज नवी खेप लावायची, रविवार असो की दिवाळी.

कारण खाणं चुकलं तर मायसिड एकमेकांना खातात. मोठे लहानांना खातात आणि पिल्लं पिल्लांनासुद्धा. म्हणून गर्दीही करायची नाही, एका लिटरला जास्तीत जास्त २० प्राणी. पिल्लं हवी असतील तेव्हा पिशवी भरलेल्या माद्या टाकीतच एका जाळीच्या भांड्यात ठेवतात. जन्मलेली पिल्लं जाळीतून खाली निसटतात आणि आईच्या तावडीतून सुटतात.

तिसरी गोष्ट, उजेड. १६ तास उजेड, ८ तास अंधार. पण खोलीत येऊन खटकन दिवा लावला, तर दचकून पिल्लं उसळी मारतात आणि पाण्याबाहेर काचेला चिकटून मरतात. म्हणून उजेड १५ ते ३० मिनिटांत हळूहळू वाढवतात. घरी पहाट होते, तशी.

आणि एक छुपा शत्रू म्हणजे हायड्रॉइड. समुद्राच्या पाण्यासोबत आत येतो, काचेवर वाढतो आणि आर्टेमियासह मायसिडची पिल्लंही गिळतो. तो पसरला की टाकी रिकामी करून नव्याने सुरुवात करावी लागते.

एवढे लाड कशासाठी?

तर याचं उत्तर चाचणीच्या नियमात आहे. एक ते पाच दिवसांची पिल्लं घेतात. काही भांड्यांमध्ये रसायनाचं कमी-जास्त प्रमाण आणि एका गटात फक्त स्वच्छ पाणी. हा कंट्रोल. ९६ तासांनी, म्हणजे चार दिवसांनी, मोजणी. ज्या प्रमाणात निम्मी पिल्लं मरतात त्याला एलसी-५० म्हणतात. हा आकडा जितका लहान, तितकं रसायन जास्त विषारी.

पण या चाचणीत स्वच्छ पाण्यातल्या १०० पैकी किमान ९० पिल्लं जगली नाहीत, तर पूर्ण चाचणी रद्द! कारण अशक्त, उपाशी पिल्लं कशानेही मरतात. मग दोष रसायनाचा की टाकीचा, कसं सांगणार? मृत्यू मोजायचा असेल तर आधी जगवणं जमलं पाहिजे.

उलटा धोकाही आहे. वर्षानुवर्षं टाकीत वाढलेला कळप जास्त चिवट झाला तर विषही सौम्य भासेल. म्हणून परिणाम आधीच माहीत असलेलं एखादं रसायन ठरावीक काळाने देऊन कळप तपासतात. वजनाचा काटा तपासतो ना, तसंच.

२०१० च्या त्या चाचणीत काय निघालं? मायसिडसाठी नुसतं तेल हे नुसत्या डिस्पर्संटपेक्षा जास्त विषारी ठरलं. आणि तेल व डिस्पर्संट यांचं मिश्रण साधारण तेलाइतकंच विषारी. हे उत्तर महत्त्वाचं होतं, पण त्याची हद्दही लक्षात घ्या. टाकीतले काही दिवस म्हणजे आखातातली अनेक वर्षं नव्हेत. प्रवाळ, खोल समुद्रातले जीव, पुढच्या पिढ्या यांच्याबद्दल ही चाचणी काही सांगत नाही.

म्हणून पुढच्या वेळी ‘चाचणी झाली आहे, सुरक्षित आहे’ असं कुणी म्हणालं, तर तीन प्रश्न विचारा. कोणत्या जिवावर? किती दिवस? आणि कंट्रोलमधले किती जगले?

आजच्यापुरतं इतकंच. भाग आवडला तर खाडीकाठी राहणाऱ्या एखाद्या मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!